ऑटोइम्युन आजार आणि तज्ज्ञांची तारीख: तीन महिन्यांचं दुखणं दहा मिनिटांत कसं मांडायचं?

२०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची या तिघांना मिळालं आणि 'ऑटोइम्युन', म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार, हा शब्द काही दिवस बातम्यांत सगळीकडे दिसत होता. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर का तुटून पडत नाही, तिला आवर घालणाऱ्या पेशी कोणत्या, हे या तिघांनी शोधून काढलं. बातम्या वाचून काहींना वाटलंही असेल की आता रामबाण औषध आलंच. ते इतक्यात यायचं नाही. ज्यांच्या घरात ल्युपस किंवा संधिवात अशा ऑटोइम्युन आजाराचा रुग्ण आहे, त्यांचा आजचा प्रश्न बराच साधा आणि तितकाच छळणारा असतो. तज्ज्ञांची तारीख तीन महिन्यांनी मिळते, आत गेल्यावर जेमतेम दहा मिनिटं मिळतात, आणि बाहेर पडून जिना उतरताना आठवतं की मुख्य ते सांगायचं राहूनच गेलं.

ही दहा मिनिटं वाया जातात, त्याचा दोष आपण डॉक्टरांच्या घाईला तरी देतो किंवा स्वतःच्या विसरभोळेपणाला तरी. माझ्या मते खरं कारण दुसरंच आहे. डॉक्टर त्या भेटीत नेमकं काय मोजत असतात, हे रुग्णाला कुणी सांगितलेलंच नसतं. ते कळलं, की काय लक्षात ठेवायचं, काय लिहून न्यायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवणं फारसं अवघड राहत नाही.

आधी आजार समजून घेऊ

प्रतिकारशक्तीचं काम जंतू ओळखणं आणि त्यांना मारणं. उद्या कुठला जंतू येणार आहे हे शरीराला आधी माहीत नसतं. म्हणून ते नाना तऱ्हेच्या रक्षक पेशी तयार करून ठेवतं. त्यांतल्या काही पेशी नेमक्या आपल्याच शरीराच्या भागांना शत्रू समजणाऱ्या निघतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे अशा बहुतेक पेशी बाद होतात. थोड्या तरीही निसटतात. निसटलेल्यांना आवरायला वेगळ्या पेशी असतात, हे साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं. ब्रंकोव आणि रॅम्सडेल यांना २००१ मध्ये एक जनुक सापडलं, आणि पुढच्या दोन वर्षांत स्पष्ट झालं की आवर घालणाऱ्या या पेशी घडवण्याचं काम तेच जनुक करतं.

हा आवर सुटला की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरात दाह निर्माण करते. दाह म्हणजे सूज, लाली, उष्णता आणि दुखणं. जखमेभोवती दिसतो तोच, फक्त इथे जखम नसते. दाह सांध्यांच्या अस्तरात झाला तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत झाला तर श्योग्रेन. ल्युपसमध्ये तर त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी, फुप्फुसाचं आवरण यांपैकी काहीही सापडू शकतं.

यातून एक गोष्ट लक्षात येते. जंतू मेला की लढाई संपते, पण इथे 'शत्रू' म्हणजे आपलंच शरीर असल्यामुळे लढाई संपायचं कारणच उरत नाही. म्हणून हे आजार बहुधा आयुष्यभराचे असतात. औषधांनी ते शांत होतात, अनेकदा वर्षानुवर्षं शांत राहतात, आणि मध्येच कधी उफाळतात. उपचाराचं ध्येय असतं ते आजार शांत ठेवण्याचं, आणि भेटीमागून भेटी लागतात त्या याचसाठी.

नेमकं तारखेच्याच दिवशी बरं कसं वाटतं?

गाडीचा खडखडाट महिनाभर चालू असतो आणि गॅरेजात नेली की ती गुपचूप चालते. हुशार मेकॅनिक अशा वेळी मालकावर अविश्वास दाखवत नाही. तो विचारतो: आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? चढावर की सपाटीला? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? ज्या मालकाला याची उत्तरं देता येतात, त्याची गाडी न खडखडताही दुरुस्त होते. 'बराच आवाज येतो हो' एवढंच सांगणारा तशीच गाडी घेऊन परत जातो.

वर-खाली होणाऱ्या आजाराचं हेच आहे. तुमची तारीख तीन महिन्यांपूर्वी ठरली, आजाराला तिची काही कल्पना नाही. त्यामुळे तुमच्या नव्वद दिवसांपैकी डॉक्टरांना दिसतो तो एक दिवस, आणि उरलेले एकोणनव्वद तुम्हालाच न्यावे लागतात.

कसे न्यायचे? 'फार त्रास झाला' या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. 'सकाळी उठल्यापासून सांधे मोकळे व्हायला दीड तास लागतो' या वाक्यातून पुष्कळ लागतं. सकाळचं आखडणं किती वेळ टिकतं, यावरून दाहाच्या संधिवातात आणि झिजेच्या संधिवातात फरक करायला मदत होते. झिजेचं आखडणं सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतं. दाहाचं जास्त वेळ टिकतं, कधी तासाच्याही पुढे जातं, आणि हालचालीने कमी होत जातं. झिजेचं दुखणं मात्र कामाने वाढतं. म्हणजे दुखणं विश्रांतीने कमी होतं की हालचालीने, हे एक वाक्यही मोलाचं ठरतं.

त्याच चालीवर, 'हात दुखतो'पेक्षा 'शर्टाची बटणं लावता येत नाहीत', 'नळ पिळता येत नाही', 'मूठ पूर्ण वळत नाही', 'केस विंचरायला हात वर जात नाही' असं सांगा. ही वाक्यं पुढच्या भेटीत पुन्हा तपासता येतात. बटणं आता लागतात का? लागत असतील तर औषध काम करतंय.

जे येतं आणि जातं, त्याचा फोटो काढून ठेवा. गालांवरचा चट्टा, सुजलेलं बोट, तोंडातला व्रण. थंडीत काही रुग्णांची बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. याला रेनॉची लक्षणं म्हणतात आणि थोड्याच वेळात बोटं पुन्हा पहिल्यासारखी होतात. तारखेच्या दिवशी तशी बोटं दिसणं जवळपास अशक्यच, पण फोनमधला एक फोटो दाखवला की वर्णन करत बसावं लागत नाही.

रोजची भलीमोठी वही मात्र ठेवू नका, असं मी आवर्जून सांगेन. दहा रकाने आखून बसणारे लोक दोन आठवड्यांत कंटाळतात, आणि जे कंटाळत नाहीत त्यांचं सगळं लक्ष दिवसभर दुखण्याकडेच राहतं. आठवड्याला एक-दोन ओळी पुरतात. आखडणं किती वेळ, कुठला सांधा, काय जमलं नाही, ताप किंवा काही नवीन दिसलं का, आणि गोळी चुकली असेल तर किती वेळा. ही शेवटची नोंद लपवाविशी वाटते. ती लपवली तर औषध निरुपयोगी ठरलं असं समजून डॉक्टर त्याहून जहाल औषधाकडे वळतात.

डॉक्टर सांधे दाबून बघतात तेव्हा काय चाललेलं असतं?

ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. डॉक्टर एकेक सांधा दाबतात, मध्येच 'दुखतं का?' विचारतात आणि काहीतरी आकडे लिहितात. बऱ्याचदा तो डीएएस-२८ नावाचा हिशोब असतो. यात २८ सांधे मोजतात: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे आणि दोन्ही हातांच्या बोटांचे मिळून वीस. दाबल्यावर किती दुखले, किती सुजलेले आहेत, रक्तातलं दाहाचं माप किती, आणि चौथी गोष्ट म्हणजे आजाराचा एकूण त्रास तुमच्या मते ० ते १०० मध्ये किती. या चार गोष्टींतून एक आकडा निघतो. २.६च्या खाली आला तर आजार शांत, ३.२पर्यंत सौम्य, ५.१पर्यंत मध्यम आणि त्यावर तीव्र.

हे सूत्र उघडून पाहिलं की दोन-तीन गोष्टी चटकन ध्यानात येतात. दुखणाऱ्या सांध्यांना सुजलेल्या सांध्यांच्या दुप्पट वजन आहे. म्हणजे तुम्ही 'हो, दुखतंय' म्हणता त्याची नोंद होते, आणि ठळक होते. तुम्ही दिलेल्या ० ते १०० मधल्या आकड्यालाही वजन आहे. खरा त्रास ६० असताना संकोचाने २० सांगितला, तर एकूण आकडा ०.५६ने खाली येतो. मध्यम आजार सौम्यात दिसायला कधीकधी तेवढंही पुरतं. आणि पुढचं औषध या आकड्यावरच ठरतं. २०१० पासून संधिवातात 'लक्ष्य ठरवून उपचार' ही पद्धत रूढ झाली. आजार चढलेला असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी बघायचं आणि आकडा लक्ष्यापर्यंत आला नसेल तर उपचार बदलायचा. सोशीक रुग्ण दात-ओठ खाऊन 'ठीक आहे डॉक्टर' म्हणतो, आकडा खोटाच चांगला दिसतो, जुना डोस पुढे चालू राहतो आणि सांधा आतून झिजत जातो. सोशिकपणाचं आपल्याला कौतुक असतं, पण तपासणीच्या टेबलावर तो नडतो.

याची उलटी बाजूही आहे. त्रास फुगवून सांगितला तर गरज नसताना जास्त ताकदीचं औषध सुरू होऊ शकतं. शिवाय सगळंच दुखणं दाहाचं नसतं. दीर्घकाळ दुखत राहिल्याने मज्जासंस्था जास्त हळवी होते आणि दाह शांत असतानाही अंग ठणकत राहतं. त्यावरचा उपाय वेगळा आहे. प्रतिकारशक्ती आणखी दाबून ते थांबत नाही. म्हणून 'किती दुखतं' याबरोबर 'कुठे आणि कसं' हेही सांगावं.

आणि एक राहिलं. त्या २८ सांध्यांत घोटे आणि पावलं नाहीत! तुमचा त्रास पायाच्या बोटांत असेल, तर नुसत्या आकड्यात तो दिसणारही नाही. तेव्हा बूट-मोजे काढा आणि पाय दाखवा. कुणी विचारलं नाही तरी.

रिपोर्ट नॉर्मल आला, मग दुखतंय ते खोटं का?

हा प्रश्न रुग्णापेक्षा नातेवाईकच जास्त विचारतात. उत्तर आहे: नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या साधारण २० ते ३० टक्के रुग्णांच्या रक्तात त्या आजाराची ओळखीची प्रतिपिंडं सापडतच नाहीत. प्रतिपिंड म्हणजे प्रतिकारशक्तीने एखाद्या लक्ष्यासाठी बनवलेलं प्रथिन. ल्युपस उफाळलेला असतानाही सीआरपी हे दाहाचं माप अनेकदा फारसं वाढत नाही. ईएसआर हे दुसरं माप रक्तक्षयाने, वयाने, गरोदरपणातही वाढतं. थकवा तर कुठल्याच नळीत मोजता येत नाही, आणि पुष्कळ रुग्णांना सगळ्यात जास्त छळतो तो थकवाच.

उलट बाजूने, रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे आजार आहेच असंही नाही. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, हे याचं उत्तम उदाहरण. तिच्या रिपोर्टवर १:८० किंवा १:१६० असं काहीतरी लिहिलेलं असतं. रक्तद्रव तितक्या पट पातळ करूनही प्रतिपिंडं दिसली, असा त्याचा अर्थ. १९९७ मध्ये निरोगी माणसांच्या रक्ताची अशी तपासणी झाली, तेव्हा १:८०ला सुमारे १३ टक्के आणि १:१६०ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. ही सगळी धडधाकट माणसं होती. म्हणून लक्षणं नसताना केवळ एएनए पॉझिटिव्ह आला म्हणून झोप उडवून घेऊ नये. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर ती दर वेळी पुन्हा करण्यातही सहसा अर्थ नसतो, कारण आजाराच्या चढ-उताराबरोबर ती बदलत नाही. ल्युपसचा चढ-उतार बघायला डॉक्टर सी३, सी४ ही प्रथिनं, डीएनएविरोधी प्रतिपिंडं आणि लघवीची तपासणी वापरतात.

इथे रुग्णाच्या हातात असलेलं काम छोटं आहे. रक्त तारखेच्या काही दिवस आधी द्या, म्हणजे रिपोर्ट भेटीच्या वेळी हातात असेल. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत द्या, आणि फाइल तारखेच्या क्रमाने लावा. तज्ज्ञांना एका आकड्यापेक्षा त्या आकड्याची दिशा हवी असते, आणि विस्कटलेल्या फाइलमधून दिशा शोधण्यातच तुमची तीन मिनिटं जातात.

बोलायला वेळ मिळतो तरी किती?

कमी, आणि हे जगभर आहे. ६७ देशांतल्या प्राथमिक डॉक्टरांच्या भेटींचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आणि जगाची साधारण निम्मी लोकसंख्या अशा देशांत राहते, जिथे ही भेट पाच मिनिटांची किंवा त्याहून कमी असते. तज्ज्ञांकडे थोडा जास्त वेळ मिळतो, पण तिथे बोलण्याचा क्रमही डॉक्टरच ठरवतात. अमेरिकेतल्या भेटींच्या ध्वनिमुद्रणांवरून २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की 'काय त्रास होतोय' असं मोकळेपणाने विचारण्याचं प्रमाण तज्ज्ञांकडे पाचांतल्या एका भेटीपुरतंच होतं. विचारलं तरी रुग्णाचं बोलणं बहुतेकदा साधारण ११ सेकंदांत तोडलं जायचं. गंमत म्हणजे ज्यांना कुणी तोडलं नाही, त्यांचं बोलणं सहा सेकंदांतच संपलं होतं.

यावरून मला एवढंच दिसतं की सुरुवातीचं वाक्य घरून ठरवून न्यावं. 'आज तीन गोष्टी बोलायच्या आहेत: मनगट पुन्हा सुजतंय, गोळीने मळमळतं, आणि मूल होण्याबद्दल विचारायचं आहे.' सहा-सात सेकंदांत संपतं. तीनही विषय एकदम समोर ठेवले, की डॉक्टरांना वेळ वाटता येतो. एकेक करून काढले तर पहिल्यावरच वेळ संपतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं जे बोलायला अवघड असतं, ते दारापाशी गेल्यावर 'आणखी एक होतं…' करत निघतं. क्रम लावताना अवघड विषय आधी घ्या.

ऐकण्याचंही तसंच. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के गोष्टी रुग्ण लगेच विसरतात, असं या विषयावरच्या संशोधनाचा आढावा सांगतो. ताण असला की आणखी विसरायला होतं. सोबत एक माणूस न्या, आणि त्याला काम वाटून द्या: त्याने फक्त लिहायचं. तुमच्या वतीने उत्तरं द्यायची नाहीत. ('तिला काही नाही हो, ती काळजीच फार करते' असं म्हणणारा सोबती घरीच बरा.) कुणी नसेल तर परवानगी विचारून फोनवर रेकॉर्ड करा. आणि उठण्याआधी आपण काय समजलो ते एकदा परत म्हणून दाखवा. चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

'बरं वाटतंय, मग जायचं कशाला?'

सगळ्यात जास्त तारखा याच कारणाने चुकतात. त्यात तथ्य असतं तर बरं झालं असतं, पण बरं वाटत असताना दोन गोष्टी न कळत चालू असू शकतात.

एक, आजार. ल्युपसने मूत्रपिंडाला सूज आली तर सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात आणि ते साध्या लघवीच्या तपासणीत दिसतं. पायाला सूज येईपर्यंत थांबलं तर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

दोन, औषध. मेथोट्रेक्सेट हे संधिवातातलं नेहमीचं औषध. त्याचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि ते यकृत, रक्तपेशी यांवर परिणाम करू शकतं. म्हणून सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासतात. हे औषध *आठवड्यातून एकदाच* घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर वाराचं नाव पूर्ण लिहिलेलं आहे ना, ते बघूनच बाहेर पडा. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे ल्युपस आणि संधिवातातलं दुसरं नेहमीचं औषध. ते घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षात डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. पडद्याची इजा नजरेला कळायच्या आधी यंत्राला कळते, म्हणून.

स्टिरॉइडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिलं आणि त्या काही दिवसांत चालू लागल्या. १९५० मध्ये हेंच यांना दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळालं. नंतर दुष्परिणाम दिसू लागले: हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, जंतुसंसर्ग. आजही या औषधाने सगळ्यात लवकर बरं वाटतं, आणि म्हणून रुग्णांचा जीव त्याच्यावर जडतो. सावकाश काम करणारी गोळी सोडून देतात आणि स्टिरॉइड मनानेच वाढवतात. खरं तर आजार दीर्घकाळ आवरायचं काम त्या संथ गोळीचं असतं. स्टिरॉइड तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल तर एकदम बंदही करायचं नसतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. त्यामुळे तारीख पुढे ढकलली गेली तर आधी गोळ्या मोजा. नव्या तारखेपर्यंत पुरणार नसतील तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.

एक रुग्ण आणि पाच डॉक्टर

सांध्यांचे, त्वचेचे, मूत्रपिंडाचे, डोळ्यांचे आणि नेहमीचे. प्रत्येक जण आपापला भाग नीट बघतो. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र बघणारं मात्र बहुधा कुणी नसतं. ते काम रुग्णावर येऊन पडतं, आणि तसं पडू नये असं माझं मत आहे. पण आज पडतं ते खरं.

याचं गांभीर्य दोन उदाहरणांनी कळेल. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला लघवीच्या संसर्गासाठी कुणी कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक दिलं, तर रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेचं काम धोकादायकरीत्या मंदावू शकतं. अझाथायोप्रीन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्याला गाउटसाठी (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी) अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं तरी तसंच. दोन्ही औषधं आपापल्या जागी साधी, रोजच्या वापरातली. म्हणून चालू औषधांची एकच यादी, डोस आणि वार लिहून, फोनमध्ये ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांसह सगळ्यांना दाखवा. लस घेण्याआधीही दाखवा, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या बऱ्याच औषधांवर असताना जिवंत जंतूंपासून बनवलेल्या लसी टाळतात. बाकीच्या लसी मात्र घ्यायला सांगतात. यादीत वनौषधी, ताकदीच्या पुड्या, 'सांधेदुखीवर हमखास' म्हणून आलेल्या गोळ्याही लिहा. अशा काही गोळ्यांत वेष्टनावर न लिहिलेलं स्टिरॉइड सापडलेलं आहे.

मूल हवं असेल तर ते बेताच्या कितीतरी महिने आधी सांगायचं. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड आणि मायकोफेनोलेट ही औषधं गर्भाला घातक आहेत आणि आधीच बदलावी लागतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सहसा चालू ठेवतात. हा विषय डॉक्टर काढतील म्हणून वाट बघू नका.

'एवढं विचारलं तर डॉक्टर चिडतील'

काही चिडतात. पण बहुतेकांना त्रास प्रश्नांचा होत नसतो, वेळेच्या शेवटी आलेल्या प्रश्नांचा होतो. इंटरनेटवर वाचलेलं विचारायचं असेल तर 'मी असं वाचलं, माझ्या बाबतीत ते लागू आहे का?' एवढं पुरे. औषध बदलताना तीन प्रश्न नेहमी विचारावेत. दुसरे कुठले पर्याय आहेत? प्रत्येकाचा फायदा-तोटा काय? आणि माझ्या बाबतीत तो होण्याची शक्यता किती? दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यावंसं वाटलं तर तेही सरळ सांगा आणि फाइलची प्रत मागा. अशा आजारात निदान बदलणं, दोन आजारांच्या सीमेवर बराच काळ अडकणं हे नेहमीचं आहे, आणि दुसरं मत मागणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास असं तज्ज्ञही सहसा समजत नाहीत.

तारखेची वाट बघायची नाही अशी लक्षणं

प्रत्येक भेटीतून उठताना एक प्रश्न विचाराच: मध्येच बिघडलं तर कुणाला, कुठल्या नंबरवर कळवायचं? नंबर मिळाला तर तो औषधांच्या यादीवरच लिहून टाका.

मग तो कधी वापरायचा ते बघू. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना ताप आला तर लगेच. बायोलॉजिक प्रकारचं (प्रतिकारशक्तीचा एखादाच नेमका भाग रोखणारं) इंजेक्शन चालू असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी विचारा. स्टिरॉइड घेणाऱ्यांत संसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही, म्हणून 'तापच नाही' यावर विसंबू नका. लघवी फेसाळ होणं, पाय किंवा चेहरा सुजणं, दम लागणं, छातीत दुखणं, डोळा लाल होऊन दुखणं, शरीराच्या एखाद्या बाजूची ताकद जाणं, ही सगळी त्याच दिवशी दाखवायची लक्षणं आहेत. दम, छातीतलं दुखणं आणि ताकद जाणं यांसाठी तर फोनही करत न बसता थेट आकस्मिक विभागात जायचं. पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखू लागलं, केसांतून कंगवा फिरवताना टाळू दुखते, चावताना जबडा भरून येतो, असं असेल तर डोक्याच्या धमनीला दाह झालेला असू शकतो. त्यात उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाते आणि गेलेली सहसा परत येत नाही.

संधिवाताच्या जुन्या रुग्णांकडून एक चूक हमखास होते. बाकीचे सांधे ठीक असतात, एकच सांधा अचानक लाल, गरम आणि टम्म होतो, आणि ते 'आजार उफाळला' म्हणून घरी बसून राहतात. उफाळा बहुधा अनेक सांध्यांत येतो. एकटाच सांधा असा बिघडला, विशेषतः थंडी-ताप असेल, तर आत पू झालेला असू शकतो. तो सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासल्याशिवाय कळत नाही, आणि काही दिवसांत सांधा कायमचा निकामी करतो.